सचोटीचा भुर्दंड कुणाला? जुन्या ख्रिस्ती कादंबऱ्या वाचायला घेणाऱ्यांसाठी

आमच्या वाचनगटात पहिल्यांदा येणारा माणूस दोनपैकी एक गोष्ट बोलतोच. ख्रिस्ती घरातला असेल तर म्हणतो, "म्हणजे पुन्हा उपदेशच ना? तो तर आत्ताच ऐकून आलो." ख्रिस्ती नसेल तर दारात चप्पल काढता काढता हळूच विचारतो, "इथे धर्मांतर वगैरे काही नाही ना?" दोघांच्याही हातात मी आधी चहाचा कप देते.

भायखळ्याच्या एका मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मागच्या हॉलमध्ये रविवारची उपासना आटोपली की आम्ही आठ-दहा जण बसतो. मी साहित्यातली नव्हे, बॅलार्ड इस्टेटमधल्या एका ऑफिसात हिशेब बघणारी बाई आहे. त्यामुळे कादंबरी वाचतानाही माझी नजर जमा-खर्चाकडे जाते. पण ज्या पुस्तकांबद्दल मी सांगणार आहे ती नेमकी जमा-खर्चाचीच आहेत. माणूस विश्वास ठेवतो म्हणजे नेमकं काय करतो? त्या करण्याचे पैसे कुणाच्या खिशातून जातात? या दोन प्रश्नांवर ती उभी आहेत. कुठून सुरुवात करावी, काय टाळावं, चार माणसं जमवून वाचायचं असेल तर कसं जमवावं, हे आमच्या चुकांतून जे कळलं ते लिहिते.

पहिली पायरी: जाडं पुस्तक हातात घेऊ नका

आम्ही पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात थेट बनियनपासून सुरुवात केली होती. तिसऱ्या रविवारी तिघं उरलो, त्यातही एक हॉलची किल्ली सांभाळणारे काका. जॉन बनियनचं 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हे पुस्तक 1678 मधलं. बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं काढलेल्या या माणसाची प्रतिभा मोठी, पण त्यातली पात्रं म्हणजे चालते-बोलते सद्गुण आणि दुर्गुण. सवय नसेल तर शाळेच्या नाटकात पाटी गळ्यात अडकवलेली मुलं बघतोय असं वाटतं.

टॉलस्टॉयची एक छोटी कथा घ्या, 'जिथे प्रेम तिथे देव'. 1885 ची. मुलुंडहून सीएसएमटीला जाणाऱ्या स्लो गाडीत बसायला जागा मिळाली तर भायखळ्याच्या आत संपते. मार्टिन नावाचा चांभार तळघरात राहतो. त्याची एकुलती एक खिडकी रस्त्याच्या पातळीवर, त्यामुळे त्याला माणसांचे चेहरे दिसत नाहीत, पाय दिसतात. आणि पायांवरूनच तो माणसं ओळखतो, कारण गल्लीतले बहुतेक बूट कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेलेले. बायको गेलेली, मुलगा गेलेला. एका रात्री त्याला आवाज येतो: उद्या रस्त्याकडे बघ, मी येणार आहे. दुसऱ्या दिवशी येतात कोण, तर बर्फ उपसून थकलेला म्हातारा शिपाई, थंडीत पातळ कपड्यांवर बाळ घेऊन उभी असलेली बाई आणि सफरचंदं विकणारी म्हातारी, जिच्या टोपलीतून एक पोरगा फळ उचलतो.

या कथेत शिकण्यासारखी जागा त्या बाईची आहे. तिने आपली शाल आदल्याच दिवशी गहाण टाकलेली असते. मार्टिन तिला गरम सूप देतो, स्वतःचा जुना अंगरखा देतो आणि वर शाल सोडवून आणण्यापुरतं नाणंही देतो. नुसता आशीर्वाद देऊन तिला वाटेला लावत नाही. किती पैसे लागतील ते त्याने मनात मोजलेलं आहे. आमच्या गटातल्या एक मावशी, ज्यांनी चाळीस वर्षं लालबागला खानावळ चालवली, इथे थांबून म्हणाल्या, "ह्याला गहाणाचं माहितीये. ह्याने स्वतः कधीतरी टाकलं असणार." टॉलस्टॉयने तसं लिहिलेलं नाही. पण मावशींचं वाक्य ऐकल्यापासून मला ती कथा तशीच दिसते.

दुसरी पायरी: मग शेल्डन, आणि तोही मोठ्याने

या प्रकारातलं सगळ्यांत गाजलेलं पुस्तक म्हणजे चार्ल्स शेल्डन यांचं 'इन हिज स्टेप्स'. शेल्डन हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, टोपेका गावातल्या एका मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. 1896 मध्ये त्यांनी रविवार संध्याकाळच्या उपासनेत उपदेशाऐवजी कादंबरीचं एकेक प्रकरण वाचायला सुरुवात केली. प्रकरण अशा ठिकाणी तोडायचे की पुढच्या रविवारी माणूस आला पाहिजे. आपल्या मालिकांचे लेखक आज करतात तेच. ती प्रकरणं मग शिकागोच्या एका साप्ताहिकात छापून आली. कॉपीराइटच्या नोंदणीत तेव्हा चूक राहिली, आणि ते कळताच अनेक प्रकाशकांनी लेखकाला छदाम न देता पुस्तक छापून विकलं. सचोटीवरच्या पुस्तकाची ही कथा मी नव्या माणसाला नेहमी आधीच सांगते. गंभीर चेहरे जरा सैल होतात.

पुस्तक मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिलेलं असल्यामुळे एकट्याने मनात वाचलं तर ते बाळबोध वाटतं. वाक्यं साधी, माणसं लवकर रडतात, लवकर बदलतात. तेच आठ जणांत वाचा. मध्येच कुणीतरी "असं कुठे असतं का?" म्हणतं, आणि वाचन सुरू होतं ते तिथून.

सुरुवात अशी. शुक्रवारची सकाळ. रेमंड नावाच्या शहरातले पाळक हेन्री मॅक्सवेल उपदेश लिहीत बसलेत आणि दाराची घंटा वाजते. दारात एक बेकार माणूस. कामाबद्दल विचारतो. पाळक म्हणतात, मला काही माहीत नाही बुवा, तुम्हाला काम मिळो. आणि दार लावून पुन्हा उपदेशाकडे. रविवारी तोच माणूस भरल्या चर्चमध्ये उपदेश संपल्यावर पुढे येऊन बोलू लागतो. तो छापखान्यातला जुळारी. खिळे आपोआप जुळवणारी लायनोटाइप यंत्रं आली आणि दहा महिन्यांपूर्वी त्याचं काम गेलं. बायको वारली. तो तक्रार करत नाही, फक्त विचारतो: तुम्ही आत्ता येशूच्या मागे जाण्याचं गाणं म्हणालात, त्याचा तुमच्या लेखी अर्थ काय? आणि तिथेच कोसळतो. आठवड्याभरात जातो.

परळ-लालबागमध्ये हे प्रकरण वाचलं तर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 1982 च्या संपानंतर ज्यांच्या घरात गिरणीचा भोंगा कायमचा बंद झाला, त्यांना यंत्र म्हणजे काय, बेकार माणूस दारात उभा राहतो म्हणजे काय, हे पाठ आहे. आमच्यातल्या एका काकांचे वडील साचा खात्यात होते. ते एवढंच म्हणाले, "दार लावण्याचा आवाज आपण ऐकलाय." त्या दिवशी आम्ही पुढे वाचलंच नाही.

पुढच्या रविवारी मॅक्सवेल मंडळीपुढे प्रस्ताव ठेवतात: एक वर्षभर, कुठलीही गोष्ट करण्याआधी स्वतःला विचारायचं, 'येशू असता तर त्याने काय केलं असतं?', आणि मग परिणाम काय होईल ते न बघता तसं करायचं. पन्नासेक माणसं मागे थांबतात. इथून खरी कादंबरी.

तो बेकार माणूस बोलला त्या पहिल्या रविवारच्या उपदेशाचं वचन पेत्राच्या पहिल्या पत्रातलं आहे, दुसऱ्या अध्यायातलं एकविसावं. मराठी बायबलमध्ये तिथे 'कित्ता' हा शब्द येतो, ख्रिस्ताने तुमच्याकरता कित्ता घालून दिला आहे असा. मला इंग्रजीपेक्षा हा शब्द फार आवडतो. कित्ता म्हटलं की गुरुजींचं वळणदार अक्षर आणि त्याखाली आपलं वाकडंतिकडं, शाई सांडलेलं. तसं वाचलं की या कादंबरीतली माणसं जिथे अडखळतात तिथे रागही येत नाही.

तिसरी पायरी: वहीत तीन रकाने आखा

माझा सगळा भर या पायरीवर आहे. बाकीचं विसरलात तरी चालेल.

शंभर पानी वही घ्या. तीन रकाने: कोण, काय सोडलं, भुर्दंड कुणाला. पात्राने काहीही 'योग्य' केलं की नोंद करायची. तिसरा रकाना रिकामा राहिला तर पान उलटायचं नाही, मागे जाऊन शोधायचं.

उदाहरण घ्या. एडवर्ड नॉर्मन हा दैनिकाचा संपादक. शपथ घेतल्यावर सोमवारीच त्याच्यापुढे प्रश्न: काल मुष्टियुद्धाची मोठी लढत झाली, तिचा तीन-चार रकान्यांचा मजकूर जुळवून तयार आहे. तो म्हणतो, छापायचा नाही. ऑफिसातल्या लोकांना वाटतं मालकाचं डोकं फिरलं. पहिल्या दोन रकान्यांत लिहायला सोपं: नॉर्मन, मुष्टियुद्धाची बातमी. तिसऱ्यात आमच्या गटाने पटकन लिहिलं, 'नॉर्मनचा खप'. पण संध्याकाळी रस्त्यावर अंक विकणारी पोरं कोण? त्यांच्या हातात बातमी नसलेला अंक, आणि गिऱ्हाईक दुसरा पेपर घेऊन पुढे. त्यांच्या पोटावर पाय आला तो संपादकाच्या विवेकामुळे. शेल्डनना हे दिसलेलं आहे, हे त्यांचं मोठेपण. नॉर्मन त्या पोरांचे न खपलेले अंक स्वतः विकत घेतो. हा परिच्छेद छोटा आहे, वाचताना निसटतो. पुढे तो दारू-तंबाखूच्या जाहिराती बंद करतो, रविवारचा अंक बंद करतो, त्याची चर्चा खूप होते. माझ्या वहीत मात्र त्या पोरांचे अंक लाल शाईने.

दुसरं उदाहरण अलेक्झांडर पॉवर्स. रेल्वेच्या कारखान्याचा अधीक्षक. आधी तो कामगारांसाठी कॉफी आणि बसायची खोली करतो. तिथपर्यंत सगळे खूश. मग चुकून त्याच्या टेबलावर कागद येतात आणि कळतं की कंपनी वाहतुकीचे कायदे पद्धतशीर मोडते आहे. तो पुरावा आयोगाकडे देतो, राजीनामा देतो, आणि तरुणपणी केलेलं तारबाबूचं काम पुन्हा करू लागतो. भुर्दंड? बायको आणि मुलगी यांचा. समाजातली जागा गेली, आणि त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं. बायको कडवट होते. आमच्या गटातल्या बायका एका सुरात तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. पुरुष गप्प. मला वाटतं लेखकाने तिला जरा कमी जागा दिली, पण निदान ती हसत हसत त्याग करणारी पतिव्रता केली नाही.

आता माझंही एक पान सांगते, कारण मी ही पायरी पुस्तकातून नाही, ऑफिसात शिकले.

आमच्या ऑफिसात बाहेरच्या कामाला गेलं की टॅक्सीचं व्हाउचर भरायची पद्धत. बॅलार्ड इस्टेट ते अंधेरी एमआयडीसी, 620 रुपये. जायचं चर्चगेटहून लोकलने आणि पुढे शेअर रिक्षाने. उरलेले पैसे आपले. सगळेच करत. साहेबांनाही ठाऊक. पॉवर्सचं प्रकरण वाचलं त्या आठवड्यात माझ्यापुढे असंच व्हाउचर आलं, आणि मी लोकल-रिक्षा मिळून जेवढे झाले तेवढेच भरले. एवढं करून गप्प बसले असते तर बरं. साहेबांनी विचारलं, "इतकेच?" मी सांगून टाकलं की आधीचे जास्त होते, आणि हिशेब करून परत भरते. घरी येताना गाडीत छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या सोमवारी फतवा निघाला: यापुढे टॅक्सीची पावती असल्याशिवाय व्हाउचर पास होणार नाही. आता काळी-पिवळीवाला पावती कुठून देणार? आणि ऑफिसात खरोखर टॅक्सीने जाणारा एकच माणूस होता, आमचा शिपाई, कारण फायलींचे खोके लोकलमध्ये चढवता येत नाहीत. त्याचे खिशातून गेलेले पैसे दोन महिने अडकले. माझ्या सचोटीचं बिल त्याच्या नावावर फाटलं. मी पैसे द्यायला गेले तर म्हणाला, "ठेवा मॅडम, तुम्ही देवाचं काम करताय." यातला टोमणा कळायला मला ख्रिस्ती असण्याची गरज नव्हती.

मग मी काय केलं ते फार शूरपणाचं नाही. साहेबांकडे तीनदा गेले, शिपायासाठी खोक्यांची संख्या आणि अंतर यावरून ठरावीक दर बांधून घेतला, आणि त्याचे मागचे पैसे निघेपर्यंत टेबलावरून हलले नाही. पावती मागण्याचा फतवा अजून आहे. सहकारी माझ्याशी नीट बोलायला पावसाळा उलटला.

म्हणून तिसरा रकाना.

चौथी पायरी: प्रश्न स्वतःकडेच ठेवा

गटात हा प्रश्न हाताळताना हमखास घसरायला होतं. दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी म्हणतं, "येशू असता तर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने काय केलं असतं?" आणि मग पाण्याचा टँकर, पार्किंग, भाडेकरूंचं डिपॉझिट यांत तास जातो. कादंबरीत ही शंका पहिल्याच दिवशी निघते. गाणारी रेचल विचारते, येशूने काय केलं असतं हे ठरवणार कोण? मी एक म्हणेन, दुसरा दुसरं म्हणेल. मॅक्सवेलचं उत्तर साधारण असं: प्रत्येकाने त्याचा अभ्यास करायचा, प्रार्थना करायची आणि आपल्यापुरतं प्रामाणिक उत्तर शोधायचं. म्हणजे दुसऱ्यावर उगारायला ही काठी नाही.

आम्ही एक साधा नियम केला आहे. हॉलमध्ये वाक्य 'मी'ने सुरू करायचं. 'आजकाल लोक', 'आपल्या समाजात', 'तरुण पिढी' अशी सुरुवात झाली की किल्लीवाले काका टेबलावर दोनदा टिचकी मारतात. पाळकसाहेबांवरही मारतात. पाळकसाहेब हल्ली मागच्या खुर्चीवर बसतात, ते एका परीने बरंच झालं. ते पुढे असले की सगळे आदर्श उत्तरं देतात.

पाचवी पायरी: वर्षाची शपथ नको, आठवडा घ्या

पुस्तक वाचून भारावलेला माणूस लगेच वर्षभराचं वचन देतो आणि लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, संपायच्या आत ते मोडतो. आठवडा पुरे, आणि त्यात एकच बाब. व्हाउचर म्हणा, कामवाल्या बाईंचा पगार म्हणा, व्हॉट्सॲपवर खात्री न करता पुढे ढकललेला मजकूर म्हणा.

आठवड्याचा प्रयोग खुद्द शेल्डननी केला आहे. 1900 च्या मार्च महिन्यात 'टोपेका डेली कॅपिटल' या दैनिकाने आपला पेपर एका आठवड्यासाठी त्यांच्या स्वाधीन केला: येशूने चालवला असता तसा चालवा. एरवी काही हजारांत खपणारा पेपर त्या आठवड्यात तीन लाखांच्या वर गेला. लोकांना उत्सुकता होती. पत्रकारांनी टिंगलही भरपूर केली, की बातम्या कमी आणि बोधच जास्त. मला त्यातला विरोधाभास गमतीचा वाटतो: कादंबरीतला संपादक सचोटीमुळे खप गमावतो आणि लेखक सचोटीच्या प्रयोगाने खप वाढवून दाखवतो. आठवडाभर हे कुणालाही जमतं. म्हणूनच तिथून सुरुवात करावी.

मध्येच: पुस्तकात खटकणाऱ्या जागा

नव्या वाचकाने या आधीच ओळखून ठेवाव्यात, म्हणजे त्यांच्यासाठी सगळं पुस्तक फेकून द्यावंसं वाटणार नाही. रेमंड शहरातली 'रेक्टँगल' ही झोपडवस्ती बऱ्याचदा चांगल्या घरच्या मंडळींच्या आत्मशुद्धीचा पडदा म्हणून येते. तिथली माणसं क्वचितच स्वतःचं काही बोलतात. सगळ्या दुःखाचं मूळ दारूत शोधलेलं आहे. घरभाडं, मजुरी यांच्यावर त्या मानाने कमी. आणि नॉर्मनचा पेपर बुडायला येतो तेव्हा व्हर्जिनिया नावाची श्रीमंत मुलगी पाच लाख डॉलर काढून देते. हे वाचून आमच्यातला एक रिक्षाचालक भाऊ म्हणाला, "आपली व्हर्जिनिया कुठंय?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. शेल्डननी प्रत्यक्षात याहून चिवट काम केलं. टोपेकात टेनेसीटाऊन ही कृष्णवर्णीयांची वस्ती होती, तिथे त्यांच्या मंडळीने 1893 मध्ये बालवाडी सुरू केली. कादंबरीपेक्षा मला ती बालवाडी जास्त पटते.

जॅस्पर चेस या पात्राकडे मात्र लक्ष द्या. तो कादंबरीकार. शपथ घेतो आणि मोडतो, कारण खपणारी कादंबरी लिहायची असते. त्याला कुठली शिक्षा होत नाही. पुस्तक खपतं, नाव होतं. लेखकाने त्याच्यावर वीज पाडली नाही, हे बरं केलं.

सहावी पायरी: आपल्या शेल्फावरचं

सगळं अमेरिकेतलं आणि रशियातलंच वाचायचं असं नाही. मराठीत कादंबरी सुरू झाली तीच मुळी या वाटेने. बाबा पद्मनजींची 'यमुनापर्यटन' 1857 ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. यमुना आणि तिचा नवरा प्रवास करतात आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या ऐकत जातात. भाषा जुनी, वाक्यं लांब, आणि लेखकाला बाजू मांडायची घाई आहे. पण तिसरा रकाना इथे काठोकाठ भरतो. केशवपन, उपास, अंधारी खोली: धर्म पुरुषांचा आणि त्याची किंमत मोजणाऱ्या बायका. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला शेवटचा भाग प्रचारकी वाटेल. वाटू द्या. मधला भाग कुणालाही टाळता येणार नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे, तरी मी ती या यादीत घुसडते. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही बायकोला न सांगता. पॉवर्सच्या बायकोला जी पानं मिळाली नाहीत ती इथे मिळतात, आणि बाई ती स्वतः लिहितात, तीही हसवत हसवत. नवऱ्याच्या विवेकाचा भुर्दंड भरणाऱ्या बाईचं याहून खरं पुस्तक मी वाचलेलं नाही. शेल्डन अर्धा वाचून झाला की मध्ये हे घ्या, मग परत जा. पॉवर्सचं प्रकरण दुसऱ्यांदा वाचलंत तर वेगळंच दिसेल.

पुस्तकं मिळवण्याबद्दल थोडक्यात. 'स्मृतिचित्रे' कुठल्याही मराठी दुकानात मिळतं. जुन्या मराठी पुस्तकांसाठी दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. 1898 पासूनची संस्था. शेल्डन 1946 मध्ये वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक मुक्त होतं, त्यामुळे इंग्रजी मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गवरून फुकट आणि कायदेशीर उतरवून घेता येतो. इंग्रजी जड जाणाऱ्यांसाठी आम्ही असं करतो: एकाने दोन परिच्छेद इंग्रजीत वाचायचे, दुसऱ्याने वहीत न बघता मराठीत सांगायचे. लिखित भाषांतरापेक्षा हे चांगलं, कारण सांगणारा आपल्या बोलीत सांगतो. वसईच्या एक बाई सांगतात तेव्हा रेमंडचा पाळकही वाडीतला माणूस होऊन जातो.

शेवटची पायरी: गट जमवायचा तर

सहा माणसं पुरेत, बारा म्हणजे सभा होते. वेळ सव्वा तास. त्यापुढे जेवणाची वेळ होते आणि मटणाचा वास सचोटीवर मात करतो. प्रार्थनेने सुरुवात करायची तर एकाच वाक्यात. वेगळ्या धर्माचं कुणी असेल तर त्याला आधी सांगावं, की आम्ही प्रार्थना करतो, तुम्ही नुसते बसलात तरी चालेल. साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायला, लागलेल्या माणसाला थांबवणं अवघड असतं; त्याच्या हातात पुस्तक द्या आणि पुढचं पान वाचायला सांगा. चहा आळीपाळीने, पण चहाचे पैसे डब्यात, आणि डब्याचा हिशेब दर महिन्याला भिंतीवर. यावर हसू नका. आमच्या डब्यात एकदा 85 रुपये कमी पडले तेव्हा शेल्डनच्या तीन प्रकरणांपेक्षा जास्त चर्चा झाली, आणि चूक माझ्या बेरजेची निघाली.

शेल्डन संपायला आम्हाला आठ महिने लागले. त्यानंतर बनियन परत काढला, यावेळी बरोबर जुनं मराठी भाषांतरही. हरी केशवजींचं 'यात्रिकक्रमण', 1841 मधलं. इंग्रजीत पाटी अडकवलेली वाटणारी पात्रं त्या जुन्या मराठीत कीर्तनातल्या आख्यानासारखी चालू लागतात. फक्त पुस्तक मोठं आहे, म्हणून मे महिन्यात सुरू करा. संडे स्कूलला सुट्टी असते, हॉल मोकळा मिळतो. आमच्याकडे पंखे दोनच चालतात, त्यामुळे लवकर येणाऱ्याला खिडकीजवळची खुर्ची.